चौदा जणींची धाव

माणसाला चालायला सांगण्यासाठी पीएच.डी. लागते, हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं क्रीडा संचालक आहे. पोरांना शिट्टी वाजवून पळवलं, ओरडून पळवलं, क्वचित स्वतः मागे लागूनही पळवलं. पण मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. धर्मेंद्र बोबडे यांच्या मते हे सगळं चूक. पोरांना पळवायचं नसतं, त्यांच्यातली ‘अंतर्गत प्रेरणा’ जागी करायची असते. स्वतः बोबडे पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघत दहा मिनिटं उभे राहतात.

त्यांनी मोहीम काढली, ‘आनंदी पाऊल’. प्रत्येकानं फोनमध्ये एक ॲप घ्यायचं, ते पावलं मोजणार. एकवीस दिवस रोज दहा हजार पावलं भरली की दोन क्रेडिट मिळणार. ज्याची भरली नाहीत तो ‘प्रेरणाहीन’, त्याचं नाव लाल यादीत. सहसमन्वयक म्हणून माझं नाव मला न विचारताच छापलं होतं.

पोरांनी दोन दिवसांत प्रेरणा शोधून काढली. एकानं फोन बहिणीच्या बाळाच्या पाळण्याला बांधला, दुसऱ्यानं शेजाऱ्याच्या बकरीच्या गळ्यात. त्या बकरीनं आठवड्याभरात बी.कॉम.चा अख्खा वर्ग मागे टाकला. बोबडे सरांनी टाळ्या वाजवल्या.

मुलींच्या वसतिगृहाला बकरी मिळाली नाही. त्यांना संध्या मिळाली.

संध्या इंगळे ही दर्यापूरकडच्या एका खेड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी. पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे पाचला कॉलेजच्या मैदानावर यायची, दोन वर्षांत एक दिवस चुकली नाही. आठशे मीटरची तिची वेळ मीच घ्यायचो. मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी ती पाठीवर बॅग लावून आली.

“हे काय गं?”

“पोरीयचे फोन हायेत सर. चौदा.”

“काहून घेतले?”

“त्या माह्यी जर्नलं लिहून देतात. मी तसीही पयतोच, त्याईचीबी पावलं होऊन जातात.”

मी हसलो. हसणं सोपं असतं. वेळ घ्यायची तेव्हा ती बॅग कठड्यावर ठेवायची. बाकी सगळे फेरे चौदा फोन पाठीवर घेऊन. तिचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. त्यात ॲप बसत नव्हतं. म्हणजे बोबडे सरांच्या हिशेबी वसतिगृहातली आकांक्षा आणि तिच्या तेरा मैत्रिणी रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी एकदम धावायला लागत होत्या, आणि संध्या इंगळे हिनं एकवीस दिवसांत एकही पाऊल टाकलं नव्हतं. बोबडे सरांनी त्या चौदा सारख्या आलेखांवर शोधनिबंध लिहायला घेतला. विषय, समूह-प्रेरणा.

लाल यादीत पहिलं नाव संध्याचं लागलं. शेवटच्या दिवशी सभागृहात कार्यक्रम होता. चौदा जणींचा सत्कार, आणि लाल यादीतल्यांनी पहिल्या रांगेत उभं राहून व्यायामाची शपथ घ्यायची. गैरहजर राहील त्याची वसतिगृहातली जागा जाईल, असा नोटीसवर खुलासा होता.

संध्या नोटीस घेऊन माझ्याकडे आली. “सर, त्याच दिवसी अकोल्याले माह्यी मैदानी चाचणी हाये. तुमी बोबडे सरले सांगा ना, मी पयतो म्हणून. तुमाले तर माहीत हाये.”

“तू जा,” मी म्हटलं. “मी बघतो.”

बघतो म्हणजे काय, ते कुठल्याही कॉलेजातल्या शिपायाला विचारा. मी काही बघितलं नाही. आदल्याच आठवड्यात बोबडे सरांनी पुढे केलेल्या कागदावर मी सही करून बसलो होतो, ‘सर्व सहभागींची प्रत्यक्ष मैदानावर पडताळणी केली’. आता तोंड उघडलं तर पहिला मीच उघडा पडणार होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी चौदा जणी स्टेजवर खुर्च्यांत बसल्या होत्या. साड्या नेसून, पण तोंडं उतरलेली. मला कारण ठाऊक नव्हतं. मागे मोठा पडदा लावला होता, त्यावर चौदा नावं आणि पुढे ॲपमधून थेट येणारे त्या दिवसाच्या पावलांचे आकडे. पाहुणे म्हणून निवृत्त शिक्षणाधिकारी केशवराव आले होते. बोबडे सर माईकवर आनंदावर बोलत होते.

तेवढ्यात आकडे हलले. चार हजार एकशे. चार हजार दोनशे. चौदाही जणींचे, एकाच चालीनं. आणि चौदाही जणी तर समोर खुर्चीला चिकटून बसलेल्या.

केशवरावांनी चष्मा पुसला. “या तर इथं बसल्या आहेत. मग चालतंय कोण?”

मला लख्ख कळलं. त्या पोरींनी रात्री सवयीनं फोनची बॅग संध्याच्या दाराला अडकवली होती. ती अकोल्याला जाणार हे तिनं त्यांना सांगितलंही असेल. पण ओझं वाहणाऱ्याचं ऐकायची सवय कुणाला असते? ती पहाटे बॅग घेऊन निघून गेली होती.

आकांक्षा उठली. पोरगी हुशार, तेवढं मानायला हवं. “सर, आमचे फोन चोरीला गेले. संध्या इंगळे घेऊन पळाली. आम्ही कार्यक्रम बिघडू नये म्हणून गप्प होतो.” बाकी तेरा मुंड्या हलल्या.

बोबडे सरांचा जीव भांड्यात पडला. निबंध बुडता बुडता वाचला होता. “हे गंभीर आहे,” ते म्हणाले. “पोलिसांत तक्रार देऊ.” प्राचार्यांनी खिशातून फोन काढलाच.

चोरीची तक्रार. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. आठशे मीटर कितीही लवकर पळालं तरी त्या एका कागदापुढे पोरगी संपली असती. मी पडद्याकडे पाहिलं. आकडे थांबले होते. चौदाही, एकाच ठिकाणी. तिनं बॅग खाली ठेवली होती. तिचा नंबर पुकारला होता.

मला माझी किळस आली. बोबडे मूर्ख आहेत, त्यांना निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत नसतं. मला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं.

मी स्टेजवर चढलो आणि माईक घेतला. “तक्रार द्यायची तर माझ्यावर द्या,” मी म्हणालो. “फोन या पोरींनी स्वतःच्या हातानं दिलेत, रोज. संध्या त्यांच्या वाट्याचं धावली. मी कठड्यावर बसून बघत होतो. पडताळणीची खोटी सही माझी आहे. हवं तर आत्ता लेखी देतो.”

“सर, मग सही केलीत कशाला?” प्राचार्यांनी विचारलं.

“भांडायचा कंटाळा आला होता.”

प्राचार्यांनी फोन परत खिशात घातला. आकांक्षा रडायला लागली. बोबडे सर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. केशवरावांनी समोरचा नारळ उगाच सरळ केला. मी तिथेच, सत्काराच्या टेबलावर, चार ओळी लिहून खाली सही केली. या वेळी वाचून केली.

कागद प्राचार्यांच्या हातात देतो न देतो तोच माझा फोन वाजला. संध्या होती. मागे गर्दीचा गलका, शिट्ट्या.

“सर, दोन अठ्ठेचाळीस! पयल्या नंबरनं आली मी!”

डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत.

“अन् सर, त्या पोरीयले निरोप द्या. आज त्याईचे दहा हजार नाई होनार. बॅग मैदानात नेऊ देत नाईत इथं. इथं ज्याचं त्यालेच पया लागते.”

निरोप मी माईकवरून दिला, एकही शब्द न बदलता.