सातशे चाळीस यार्ड

"किती?" बंदुकीला गाल लावूनच केंडलने विचारलं.

"सातशे चाळीस." आर्नीने अंतर मोजायचं यंत्र खाली ठेवलं. "लांब आहे, डॉक्टर. ओढ्यात उतरून त्या पडलेल्या झाडांपर्यंत गेलो, तर साडेतीनशेवर येऊ. अर्धा तास लागेल."

"अर्धा तास तो तिथेच उभा राहील, असं लिहून देता?"

"लिहून कोण देणार? पण वारा त्याच्याकडून आपल्याकडे आहे. वास लागायचा नाही."

केंडल हसला. तो डॅलसचा दातांचा डॉक्टर. "घरी मी हजार यार्डांवरून जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी पाटी वाजवतो. दहातून नऊ वेळा."

"पाटी चालत नाही, डॉक्टर."

"तुम्ही फक्त वारा सांगा."

समोरच्या उतारावर एल्क जातीच्या मोठ्या हरणाचा नर एकटाच चरत होता. घोड्याएवढं अंग, मानेवर काळसर आयाळ. आर्नी लिंडक्विस्ट एकतीस वर्षं मॉन्टानाच्या या डोंगरांत शिकाऱ्यांना घेऊन फिरत होता, आणि चारशे यार्डांपुढे त्याने कुणाला कधी चाप ओढू दिला नव्हता. शिकारतळाचा थोरला मालक होता तोवर त्यावर कुणी ब्र काढला नाही. मालक गेला, त्याच्या जागी मुलगा ड्वेन बसला. त्याने जूनमध्येच बजावलं होतं, "आर्नी, हल्ली लोक लांबून मारायलाच येतात. तू नाही म्हणालास की ते दुसऱ्या तळावर जातात." या आठवड्यात आर्नीने केंडलला दोनदा अडवलं होतं. काल ड्वेनने स्वयंपाकाच्या तंबूत, सगळ्यांदेखत, त्याची खरडपट्टी काढली होती. त्रेसष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या माणसाला दुसऱ्या तळावर कोण ठेवणार?

आर्नीने दुर्बीण लावली. गवत बघितलं, झाडांचे शेंडे बघितले.

"समोरून, किंचित डावीकडून. ताशी आठ मैल," तो म्हणाला. "कूस आपल्याकडे करून उभा आहे. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या निम्म्याच्या जरा खाली." मग थोडं थांबून, "मारा."

गोळीला तिथवर जायला एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदात नराने चरता चरता एक पाऊल पुढे टाकलं.

गोळी लागल्याचा आवाज परत आला. हाड मोडलं की सुकी फांदी तुटल्यासारखा येतो, छातीत लागली की ढोलासारखा. हा ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आला. नराने पाठ कमानीसारखी वर काढली, क्षणभर तसाच उभा राहिला, आणि न पळता, चालत झाडीत गेला.

"चुकली," केंडल म्हणाला. "वरून गेली."

"लागली. पोटात."

"बघितलंत तुम्ही?"

"ऐकलं."

केंडलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तळाचा नियम त्यालाही ठाऊक होता. जनावराचं रक्त काढलं की ते तुमचं. सापडो न सापडो, तुमची शिकार संपली.

पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. ते जवळच कुठेतरी बसतं. हुसकावलं तर डोंगर ओलांडून जातं. आर्नीने चार तास थांबायला लावलं. मग दोघे पलीकडे चढले. गवतात कापल्यासारखे चार केस, एका पानावर हिरवट डाग. बस.

"याला तुम्ही रक्त म्हणता?"

"पोटातला चारा आहे तो. रक्त आतल्या आत सांडतं."

"अहो, ही गोळी आत गेल्यावर फुलासारखी उमलते. लागली असती तर तो इथेच आडवा झाला असता."

"उमलायला वेग लागतो, डॉक्टर. दोनशे यार्डांवर उमलते. इतक्या लांब ती दमून पोचते. मग सुईसारखी आरपार जाते."

"आजोबा," केंडल शांतपणे म्हणाला, "गोळ्यांचा अभ्यास मी केलाय."

संध्याकाळी जेवताना ड्वेनने निवाडा केला. "आर्नी, भोक पाहिलंस तू?"

"नाही."

"मग चुकली. डॉक्टर, उद्या तुम्ही माझ्याबरोबर उत्तरेच्या धारेवर चला."

आर्नीने ताट बाजूला सारलं. "मला उद्याची सुट्टी दे."

"ऐन हंगामात?"

"मग परवाचीही देऊन टाक."

केंडल बटाटे घेत होता.

उजाडताच आर्नी स्वतःची बंदूक घेऊन एकटा चढला. पहाटे हिमाचा पातळ थर पडला होता, डाग झाकले गेले होते. तो वाकून, हाताने हिम बाजूला करत माग काढत गेला. नर जिथे जिथे बसला होता, तिथे गवत दबलेलं होतं आणि काळपट हिरवं पाणी गोठलेलं होतं. अशा तीन जागा मिळाल्या. प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा पाण्याच्या जवळ. पोटात लागलेल्याला आग होते, तहान लागते. आर्नीने मग माग सोडला आणि सरळ ओढा धरला.

दुपारी दोनच्या सुमारास झुडपांवर डोमकावळे बसलेले दिसले. खाली नर होता. पुढचे पाय दुमडलेले, हनुवटी ओढ्याच्या काठावर टेकलेली. माणसाची चाहूल लागली तसं त्याने डोकं उचललं. उठायचा प्रयत्न केला, मागचं धड उठेना. श्वासाबरोबर वाफ निघत होती. अठ्ठावीस तास तो असा होता.

"झालं रे," आर्नी म्हणाला. "झालं आता."

वीस पावलांवरून त्याने मानेच्या मुळाशी गोळी घातली. डोकं पाण्यात पडलं.

मग त्याने बाह्या वर केल्या. पोट फाडताच वास असा आला, की तोंड फिरवून त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. गोळी शिरली तिथलं भोक पेन्सिलीएवढं होतं, निघाली तिथलंही तेवढंच. उमलली नव्हती. त्याने पुढे हात घातला. फुप्फुसं गुलाबी, कोरी. भोकापासून छातीपर्यंत त्याने वीत लावून पाहिली. दीड वीत. चरताना टाकलेलं एक पाऊल.

चाप केंडलने ओढला होता. पण अंतर, वारा आणि 'मारा' ही तिन्ही आर्नीच्या तोंडची होती. त्याने ओढ्याच्या पाण्यात हात धुतले.

नराला फांद्यांनी झाकून तो निघून गेला असता, तर कुणाला कळलंही नसतं. अस्वलांनी चार दिवसांत जागा साफ केली असती. त्याने खिशातून स्वतःचा परवाना काढला. त्यावर वर्षाला एकच एल्क मारता येई. तो आणि बायको व्हर्ना एप्रिलपर्यंत त्यावरच जेवायचे. परवाना वापरल्याची खूण म्हणून चाकूने त्याने त्यावरचा महिना कापला, तारीख कापली, आणि तो नराच्या पुढच्या पायाला दोरीने पक्का बांधला.

मागच्या मांड्या हिरव्या पडल्या होत्या. पुढचे दोन पाय, मान आणि पाठीचा थोडा भाग तेवढा कामाचा. शिंगं त्याने काठावरच ठेवली. दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला गुडघा इतका दुखला, की उतारावर तो बसून घसरत आला.

गाड्यांपाशी ड्वेन आणि केंडल होते. ड्वेनच्या गाडीत ताजा एल्क पडला होता.

"दोनशे दहा यार्ड," केंडल खुशीत म्हणाला. "जागच्या जागी गार. अरे, तुम्हालाही मिळाला वाटतं! किती लांबून?"

"वीस पावलं."

"या वयात तेवढंच जमायचं." केंडल हसला. "शिंगं कुठायत?"

"वर ठेवली."

ड्वेन मांसाकडे बघत होता. नाक आक्रसून तो एक पाऊल मागे सरला. त्याने पायाला बांधलेला कागद हातात घेतला, त्यावरचं नाव वाचलं आणि हळूच सोडून दिला. "आर्नी," तो म्हणाला, "सोमवारी ये."

आर्नीने आपल्या गाडीची मागची फळी लावली. "तळाची किल्ली तुझ्या तंबूतल्या खिळ्यावर अडकवलीय," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

घरी व्हर्नाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली. एकेक तुकडा ती नाकाशी धरून पाहत होती. अर्ध्याहून अधिक बादलीत गेलं.

"मांड्या?"

"गेल्या."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा पुन्हा एकाच जागी सुरी चालवत होता. तिने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. मग त्याने मांस धरलं आणि तिने कापलं.