दहा नंबरचा म्हातारा

जोडत आहे…

थोरली पडद्यावरच्या गरगर फिरणाऱ्या चक्राकडे श्वास रोखून बघत होती. साहेबांनी एकच दिवस दिला होता. अकराच्या बैठकीला घरून हजर राहायचं, विम्याच्या दाव्यांची फाइल सगळ्यांसमोर उघडून दाखवायची. जमलं, तर उद्यापासून घरूनच काम. नाही जमलं, तर पुन्हा बस. जाताना दोन तास, येताना दोन तास, आणि खिडकीच्या काचेवर डोकं टेकून झोपल्यामुळे कपाळावर उमटणारा तो लाल डाग, ज्याला धाकटी बहीण ‘बसचा शिक्का’ म्हणायची.

जोडलं गेलं.

"झालं!" ती ओरडली. व्हीपीएन लागलं, म्हणजे ऑफिसचा खाजगी बोगदा थेट तिच्या टेबलापर्यंत आला. आता पलीकडच्या टोकाचा सर्व्हर उघडायचा की काम फत्ते. तिने त्याचा पत्ता टाकला. पान उघडलं.

शाई कमी आहे.

"काय दिसतंय मॅडम?" फोनवरून ऑफिसच्या तंत्रज्ञाने विचारलं.

"शाई कमी आहे, असं लिहिलंय."

"सर्व्हरला शाई नसते, मॅडम."

"ते मलाही कळतं हो. पण हा म्हणतोय, निळी तर अगदीच संपत आलीय."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. "घरात प्रिंटर आहे का? त्याचा नंबर काय?"

"दहा," दारातून अप्पा म्हणाले. त्यांना विचारलं नव्हतं, तरी.

इथे गोष्ट अडवून अप्पांबद्दल सांगायलाच हवं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटरने आपोआप नंबर द्यावा, हे थोरलीच्या वडिलांना मुळीच पसंत नव्हतं. "राउटर कालचं पोर. त्याला काय कळतं कोणाला कुठे बसवायचं ते?" म्हणून त्यांनी स्वतः एकेक यंत्र हातात घेऊन नंबर घातले होते, आणि तेही वयाच्या मानाने. एक राउटरला देणं भाग होतं. दोन नंबर त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या टीव्हीला. तीन स्वतःच्या फोनला, चार आईच्या, मग पोरी. माणसं संपल्यावर दहापासून यंत्रं, त्यांत वयाने वडील म्हणून प्रिंटर दहावर. काल आलेला ऑफिसचा लॅपटॉप अकरावर, शेवटी, पाहुण्यासारखा अंग चोरून.

आणि ऑफिसचा सर्व्हरही दहावरच बसला होता.

"तुमचा दहा नंबर कधीचा?" अप्पांनी फोनकडे वाकून विचारलं.

"मागच्या वर्षी बसवलाय, साहेब."

"बघ! आपला प्रिंटर हिच्या कॉलेजपासूनचा. धाकट्याने जागा सोडावी."

"अप्पा, त्या सर्व्हरवर दोनशे माणसं काम करतात!"

"म्हणून काय वय वाढतं?" पण तिचा चेहरा पाहून ते जरा वरमले. "बरं, प्रिंटरला बारा देतो. जा."

"त्याने भागणार नाही, साहेब," तंत्रज्ञ म्हणाला. "पत्त्यातला शेवटचा आकडा म्हणजे घर, त्याच्या आधीचा म्हणजे गल्ली. तुमची नि आमची गल्ली एकाच नंबरची आहे. दहा नंबर शोधायचा म्हटलं की लॅपटॉप तुमच्याच घरात फिरत बसणार. बाहेर पडायचं त्याच्या मनातच येणार नाही."

गल्ली बदलायची, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप लगेच नव्या गल्लीत जातील. बाकी सगळं घर मात्र अप्पा एकेकाला नवा पत्ता देईपर्यंत तुटलेलं. अकरा वाजायला आले होते. अप्पा हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी एवढ्या मेहनतीने बसवलेलं घर!

"आत्या!" थोरलीने शेवटचा दरवाजा ठोठावला. तिथल्या टीव्हीवर दोन जावा कडाडून भांडत होत्या. "आत्या, गल्ली बदलू का?"

"माझा दोन नंबर जाणार?"

"दोनचा दोनच राहील. सगळ्यांचे तेच राहतील. नुसती गल्ली हलेल."

"मग हलव की. हा कशाला खांबासारखा उभा आहे? पोरीचा जीव जातोय बसमध्ये." आत्याने पडद्याकडे बोट केलं. "पण थांब, हिला थोबाडीत बसू दे आधी."

बसली.

"आता गल्लीचा नंबर बोल ताई," अप्पा सुस्कारा टाकून म्हणाले. "तुझं वयच घालू."

"अडुसष्ट."

"ताई!"

"गल्लीला कोण विचारतंय खरं-खोटं?"

थोरलीने राउटरमध्ये अडुसष्ट घातले, लॅपटॉपला नवा पत्ता दिला, राउटर बंद करून चालू केला आणि घरभर एकदम

.

.

एवढी शांतता पसरली की नळ ठिबकतोय हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. आई फोन हलवत बाहेर आली, धाकटी फोन हलवत बाहेर आली. "गेलं का?" "तुझंही गेलं?" सगळे थोरलीच्या पाठीमागे दाटीवाटीने उभे राहिले, कारण चालू असं घरात आता तेवढं एकच होतं.

जोडत आहे…

जोडलं गेलं.

पत्ता टाकला. शाईचा पत्ता नाही. दाव्यांच्या फाइली मुकाट्याने ओळीत उभ्या होत्या.

"हलक्या पावलांनी निघा आता," ती कुजबुजली, आणि बैठकीत शिरली.

फाइल उघडली, आकडे दिसले, कोणीतरी दोन शंका काढल्या, तिने निस्तरल्या. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक. उद्यापासून घरूनच." ती कपाळावरची ती जागा उगाच चोळत राहिली. "फक्त," साहेब म्हणाले, "मागे कोणीतरी कोणाची तरी समजूत घालतंय ते जरा..."

तिने वळून पाहिलं. आत्याचा दोन झाला होता, आईचा चार झाला होता, पोरींचेही झाले होते. अप्पा आता प्रिंटरसमोर उकिडवे बसून त्याची बारीक बटणं दाबत होते.

"चल म्हाताऱ्या," ते म्हणत होते, "सगळे गेले पुढे. तुझा दहा राखून ठेवलाय."