कोऱ्या नमुन्याची भाजी

चियांग माईच्या त्या प्रयोगशाळेत भाजीतलं कीटकनाशक शोधायला भलंमोठं यंत्र होतं, पण यंत्राची सगळी ऐट बुनरुआमआजीच्या शेतातल्या खना या पालेभाजीच्या जुडीवर चाले. संशयाची भाजी पडताळून बघायला औषधाचा थेंबही न लागलेली भाजी लागते. तिला कोरा नमुना म्हणतात. नऊ वर्षं तो आजीच्या वाफ्यातून येई. आजीला वाटे, प्रयोगशाळेतल्या पोरी आवडीनं खातात. "कोवळी होती ना गं?" असं ती दर सोमवारी विचारी, आणि तिथे काम करणारी फिकुन मान डोलावून जुडी आत दळायला नेई.

एका सोमवारी कोऱ्या नमुन्याच्या सपाट रेषेवर टेकडी उठली. फिकुनने भांडी बदलली, द्रावण बदललं, यंत्र तीनदा चालवलं. टेकडी काही हटेना; औषध भाजीतच होतं. दर बुधवारी हॉस्पिटलच्या आवारात बाजार भरे, आणि तिथे आजाऱ्यांचे नातेवाईक आजीची भाजी डोळे मिटून घेत. नऊ वर्षांचं ते नाव आता फिकुनच्या अहवालाने जाणार होतं.

संध्याकाळी ती शेतावर गेली. औषध निघाल्याचं सांगितलं, आणि भाजी खात असल्याची थाप मारत आल्याचंही कबूल केलं. आजी पलीकडच्या लोंगन फळांच्या बागेकडे बघत राहिली. तिथे महिन्यापासून ड्रोनने फवारणी चालली होती आणि वारा इकडे वाहत होता. पण शेजाऱ्याला तिने चकार शब्दाने बोल लावला नाही.

"नऊ वर्षांत एकीनंही चाखली नाही?" एवढंच म्हणाली.

अहवाल निघायला अजून आठवडा होता. बुधवारी आजी घरीच बसेल असं फिकुनने धरलं होतं, तरी जेवणाच्या सुट्टीत तिचे पाय बाजाराकडे वळले. आजी नेहमीच्या जागी होती. समोर केळीचं पान, धुतलेलं, रिकामं. ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की ती हाक मारून सांगे, मागच्या बुधवारची भाजी उरली असेल तर टाकून द्या, तिच्यात औषध निघालंय. कुणी हळहळे, कुणी तोंडावर वाईट बोलून जाई. आजी ऐकून घेई.

"आजी, विकायला काही नाही, तर उन्हात कशाला बसलात?" फिकुन म्हणाली. "पाटी लावायची ना."

"पाटी सगळ्यांना वाचता येते का, पोरी? आणि ज्यांनी भाजी नेली ते इथेच येणार. दुसरीकडे कुठे शोधू त्यांना?"

फिकुनने शेजारचं स्टूल ओढलं आणि आजीजवळ बसली. औषध कुठलं, किती, असं कुणी विचारलं की उत्तर ती देऊ लागली.