प्रॅग्नेलांची तपकिरी क्रेस

डॉर्कस प्रॅग्नेलची क्रेस दोन वर्षं पिवळी पडत होती आणि दोष कुणाचा, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोष सायलस बडनचा. झऱ्याच्या वरच्या अंगाला त्याचे वाफे, खालच्या अंगाला हिचे. हॅम्पशरच्या त्या खोऱ्यात क्रेस ही तिखट पालेभाजी वाहत्या पाण्यात उभी असते. आणि पाणी ज्याच्याकडून येतं, तो शेजारी एक तर सोयरा असतो नाहीतर वैरी.

सायलस वैरी झाला तो तीन वर्षांपूर्वी. त्यानं जुनी तपकिरी क्रेस उपटून बियांची हिरवी लावली. तपकिरीला बी धरतच नाही. शेंडे खुडायचे, वाफ्यात पसरायचे, मुळं आपोआप फुटतात. डॉर्कसच्या आजोबांची रोपं अशी शेंड्याशेंड्यांनी तिच्यापर्यंत आली होती. सायलसच्या बापाला पहिली टोपली त्याच आजोबांनी दिलेली. तीच ह्यानं उपटून फेकली! डॉर्कसनं त्याला भर पबमध्ये बेइमान म्हटलं होतं आणि तिला त्याचा काडीचाही पस्तावा नव्हता.

आज संशोधन केंद्रातल्या लव्हग्रोव्हबाई तिच्या क्रेसच्या तपासणीचा निकाल घेऊन आल्या, तेव्हा तिनं सायलसलाही बांधावर बोलावून घेतलं. त्याची जिरलेली तिला डोळ्यांनी बघायची होती.

"तुमच्या पानांचा रस आम्ही वेगवेगळ्या रोपांवर चोळला," बाई म्हणाल्या. "घेवडा आणि काकडीला काही झालं नाही. सलगम, कोबी, वॉलफ्लॉवरची फुलझाडं आजारी पडली. तुमच्या क्रेसमध्ये सलगमांवरचा विषाणू आहे."

"घ्या!" डॉर्कस उसळली. "ह्याच्या परसात सलगमच सलगम! आणि ह्याच्या बायकोचे ते पट्ट्यापट्ट्यांचे वॉलफ्लॉवर? प्रदर्शनात बक्षीस दिलं लेकाच्यांनी!"

"पट्टे ह्याच विषाणूचे आहेत."

"ऐकलंस का रे, बडन?"

"ऐकतोय," सायलस म्हणाला.

"पण हा विषाणू पाण्यातून येत नाही," बाई म्हणाल्या. "पानांवरची मावा कीड पसरवते, तीही जवळच्या जवळ. बियांतूनही येत नाही. ह्यांची क्रेस निरोगी आहे, सलगमही. पट्टे आहेत ते फक्त तुमच्या बांधालगतच्या वॉलफ्लॉवरच्या ओळीत, म्हणजे रोग तुमच्याकडून तिकडे गेलाय."

"मग माझ्याकडे कुठून आला?" डॉर्कसनं विचारलं.

"पहिल्यांदा कुठून, ते नाही सांगता येणार. पण शेंड्यांबरोबर तुम्हीच तो दरवर्षी लावताय. बिनडागाची म्हणून वेगळी दाखवलेली रोपं, तीही आजारी निघाली. सगळं उपटावं लागेल."

"वाणापुरती मूठभर तरी ठेवते."

"बी धरत असतं तर वाण वाचला असता, मिसेस प्रॅग्नेल. एक शेंडा ठेवलात तरी रोग राहील."

बाई गाडीकडे गेल्या. सायलस मात्र हलला नाही.

"हस की," डॉर्कस म्हणाली. "फुकटचा तमाशा आहे."

"माझ्या तपकिरीतही हाच रोग होता," तो म्हणाला. "म्हणून उपटली. केंद्रातल्या जुन्या साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"म्हणजे तीन वर्षं तुला माहीत होतं?"

"त्या संध्याकाळी पबमध्ये तुला सांगायलाच आलो होतो. तू आधी तोंड उघडलंस."

"माझा बोल लागला तुला. मान्य. एक दिवस धुसफुसतं माणूस, एक महिना धुसफुसतं. तीन वर्षं, सायलस?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं." हे खरं होतं आणि म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तरी सांगायचं होतंस. तेव्हा फार तर एका वाफ्यात असेल. एक वाफा उपटून भागलं असतं ना?"

सायलसनं टोपी काढली. "भागलं असतं," तो म्हणाला.

तो मदतीला म्हणून काठावरचं दाताळं उचलायला वाकला, तशी तिनं दांड्यावर बूट रोवला.

"हात लावू नकोस. इथंच उभा राहा आणि बघ."

ती पाण्यात उतरली. वरच्या वाफ्यातली, दिसायला सगळ्यांत धडधाकट होती ती क्रेस तिनं आधी धरली आणि मुळांसकट त्याच्या पायाशी फेकली. संध्याकाळपर्यंत तिथं ढीग झाला. सायलस टोपी हातात धरून उभा होता, आणि तिनं त्याला जा म्हटलं नाही.