दोन दिवसांची बेरीज

फाटक पडलं तेव्हा शालन त्याच्यापासून पन्नास पावलांवर होती. तिने ब्रेक लावला, एक पाय जमिनीला टेकवला आणि मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू आगगाडी मीच बोलावली होती.

मी तिच्या मागे जीपमध्ये होतो. जीप नंदकिशोरजींची. किशनपोल बाजारात त्यांचं सायकलींचं दुकान होतं आणि बायकांच्या या शर्यतीचा निम्मा भार त्यांच्यावर होता. माझ्या हातात घड्याळ आणि मांडीवर वही. विमा कचेरीतल्या हेडक्लार्कला शर्यतीत दुसरं काम तरी काय देणार? पहिल्या वर्षापासून वेळ मी टिपत आलो आणि पहिल्या वर्षापासून माझीच बायको शर्यतीत होती. यावर कुणी कधी शंका घेतली नाही. शालनला ओळखणारा माणूस ती घेऊच शकत नसे.

चौसष्ट सालचा फेब्रुवारी, रविवारची सकाळ. चौमूंहून जयपूरला परत येणारी वीस मैलांची दौड. आदल्या दिवशी याच रस्त्याने आम्ही चौमूंला गेलो होतो. तेव्हा जयंती पहिली आली होती, शालन दोन मिनिटं दहा सेकंदांनी मागे. पण आज शालन पहाटेपासून जिवाच्या आकांताने पायडल मारत होती आणि जयंती चार मिनिटं मागे पडली होती. दोन्ही दिवस मिळून हिशोब केला, तर माझी बायको आता जवळजवळ दोन मिनिटं पुढे होती. मी जीपमध्ये बसून पुन:पुन्हा तेवढंच गणित करत होतो.

आणि नेमकं फाटक पडलं.

फाटकवाला म्हातारा होता. मालगाडी आहे, येईलच एवढ्यात, म्हणाला. शालन सायकल धरून फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागली. म्हाताऱ्याला दया आली असावी. खालून काढा सायकल, सगळे काढतात, असं त्याने सुचवलं. ती नको म्हणाली. बंद फाटक ओलांडेल ती बाद, आणि फाटकावर गेलेला वेळ कुणालाही माफ नाही, हा नियम तिनेच चार वर्षांपूर्वी शर्यतीच्या समितीच्या गळी उतरवला होता. वेळ माफ करायचा ठरवला तर जी ती फाटकाची सबब सांगेल, हे तिचं म्हणणं.

स्वस्थ बसणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. लग्नानंतर रतलाम, मग भोपाळ, मग जयपूर, जिथे माझी बदली झाली तिथे ती आठ दिवसांत काहीतरी उद्योग शोधून काढायची. जयपुरात ती सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, गल्ल्यांत घरोघर जाऊन बाळंतिणींना पाहायचं काम. त्यासाठी दवाखान्याने सायकल दिली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. नर्सबाईंना सायकलवर पाहून सुरुवातीला पदराआडून हसणाऱ्या बायका सहा महिन्यांत विचारू लागल्या, की हे किती दिवसांत जमतं?

अठ्ठावन्न साली पहिली शर्यत झाली. रामनिवास बागेला एक फेरी, पाच बायका. त्यातल्या एकीला वाटेत सासऱ्यांचे स्नेही दिसले, म्हणून ती उतरून सायकल हातात धरून चालू लागली. बक्षीस जेवणाचा डबा. तिसऱ्या वर्षी आमेरपर्यंत, पाचव्या वर्षी सांगानेरला जाऊन परत. यंदा एकतीस जणी होत्या. अजमेर, कोट्याहून आलेल्या, शाळेतल्या पीटीच्या बाया, नर्सा, कॉलेजातल्या मुली. पहिलं बक्षीस नवी कोरी सायकल. दोन मुलींना तर नंदकिशोरजी दुकानाच्या नावाने शर्यती खेळण्यासाठी महिना पगार देत होते. सायकल चालवण्याचा बाईला पगार! मी कराडला आईला पत्रात कळवलं, तर तिने उलट टपाली विचारलं की प्रकृती बरी आहे ना.

दोन दिवसांची शर्यत हे शालनचंच वेड. परदेशात अशा शर्यती दिवसेंदिवस चालतात आणि सगळ्या दिवसांचा वेळ मिळवून नंबर काढतात, असं तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं. समितीत नंदकिशोरजी वैतागले. "बहनजी, दो दिन का जोड़ पब्लिक क्या समझेगी? जो आगे, वो पहला." ती म्हणाली, समजेल, पहिल्या वर्षी नाही तर तिसऱ्या वर्षी समजेल. वर्षभर त्यांच्या मागे लकडा लावून तिने ते यंदा पहिल्यांदाच पदरात पाडून घेतलं.

आणि डिसेंबरात माझ्या बदलीचा हुकूम आला. जबलपूर. याआधी दोनदा मी अर्ज करून मुदत वाढवून घेतली होती. या खेपेला साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच मान हलवली. घरी येऊन सांगितलं तेव्हा शालन पोळी लाटत होती. तिने एवढंच विचारलं, "शर्यतीच्या आधी का नंतर?" नंतर, म्हटलं. दोनच दिवस नंतर. तिने पोळी तव्यावर टाकली आणि त्या दिवसापासून ती पहाटे साडेचारला उठून सायकल बाहेर काढू लागली.

तेव्हा त्या फाटकावर काय चाललं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. सदतीस वर्षांची बाई. सहा वर्षांत दोनदा दुसरी, एकदा तिसरी. स्वत: उभी केलेली शर्यत एकदा, फक्त एकदा जिंकायची होती तिला, आणि मंगळवारी आमचं सामान मालवाहू डब्यात चढणार होतं.

चार मिनिटांनी जयंती आली. सुभेदार हणमंतराव मोहित्यांची मुलगी. छावण्या-छावण्यांत वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी, वीस वर्षांची. वाळूत सायकल कशी सावरायची हे तिला शालननेच शिकवलं होतं. "काकी, मतलब... तुम्ही इथेच?" असं म्हणून ती धापा टाकत शेजारी उभी राहिली. शालनने तिला पाणी दिलं. नंतर तिघीचौघी आल्या. मालगाडी आली ती आठव्या मिनिटाला, रमत गमत, डब्यामागून डबा, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेला शिवी दिली.

फाटक उघडताच जीप पुढे काढणं भाग होतं, कारण शेवटच्या रेषेवर मला आधी पोहोचायचं होतं. मागे वळून पाहिलं तर सगळ्या एका घोळक्यात निघाल्या होत्या. उरलेल्या अंतरात कालची दोन मिनिटं भरून काढणं कुणालाच शक्य नव्हतं.

चांदपोल दरवाजाशी ही गर्दी. बँड, हारांची परडी, व्यासपीठावर पाहुणे म्हणून बोलावलेले एक म्हातारे ठाकूरसाहेब. मी खुर्चीवर चढून रस्त्याकडे डोळे लावले. प्रथम दिसली ती शालन. तोंड उघडं, केस सुटलेले, कमरेला खोचलेला पदर धुळीने भरलेला. ती पहिली आली. जयंती पंधरा सेकंदांनी.

बँड सुरू झाला. लोकांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं. ठाकूरसाहेब स्वत: खाली उतरले आणि गुलाबांचा जाडजूड हार त्यांनी तिच्या गळ्यात घातला. जयंतीनेही टाळ्या वाजवल्या. तिच्या मनात काही नव्हतं. कालचा दिवस काल संपला, आज पुढे काकी, असंच तिलाही वाटत होतं.

वहीत मी बेरीज केली. जयंती एक मिनिट पंचावन्न सेकंदांनी पुढे. पुन्हा केली. तेच. नंदकिशोरजी माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांना आकडा कळला, कारण दुकानदाराला बेरीज कळतेच. "रहने दीजिए, उमाकांतजी," ते हळूच म्हणाले. "सब खुश हैं."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. पण त्या सकाळी मी वही मिटली. खरं सांगतो, लाज वाटली नाही. जयंतीपुढे अजून दहा शर्यती होत्या. माझ्या बायकोपुढे जबलपूर होतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

गर्दीतून वाट काढत शालन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हाराने तिची हनुवटी झाकली होती.

"बेरीज वाचा की," ती म्हणाली.

घरी गेल्यावर करू, मी म्हटलं.

"इथं वाचा."

"शालन, परवा जायचंय आपल्याला," मी अगदी हलक्या आवाजात म्हणालो.

"म्हणूनच. पुढल्या वर्षी वाचायला आपण नसणार." तिचा श्वास अजून लागत होता. "आज पुढं आली ती पहिली, असं एकदा धरलं, तर दोन दिवसांची शर्यत राहिली कुठं? उद्या चार दिवसांची व्हायचीय ती. वाचा."

मी खुर्चीवर पुन्हा चढलो आणि वाचलं. हिंदीत, दोन्ही दिवसांचा वेळ, मग बेरीज. आधी कुणाला काही कळलंच नाही. पहिली आली ती दुसरी कशी, म्हणून एक पागोटेवाला माझ्याशी भांडायला उठला. ठाकूरसाहेब चिडल्यासारखे दिसले. शालनने हार काढला आणि जयंतीच्या गळ्यात घातला. जयंती रडवेली होऊन म्हणत होती, "काकी, पण आगे तर तुम्हीच होता." शालन तिला बाजूला घेऊन, काल आणि आज बोटांवर मोजून दाखवत, दोनदा समजावून सांगत राहिली. तिसऱ्यांदा तिने त्या पागोटेवाल्यालाही समजावलं. त्याने मान डोलावली तेव्हाच ती तिथून हलली.

जीपमध्ये बसायला ती तयार नव्हती. सायकल हातात धरून चालत निघाली, तीही भरभर, आणि मी वही घेऊन तिच्या बरोबरीने. किशनपोल मागे पडल्यावर माझं लक्ष गेलं. हार काढला तरी घामामुळे गुलाबाच्या चार-पाच पाकळ्या तिच्या मानेला चिकटून राहिल्या होत्या. मी त्या झटकायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "घर येईपर्यंत राहू द्या."