तिसऱ्या गिअरातला साक्षात्कार

हे मी सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. पण पंक्चरच्या दुकानाबाहेरच्या या बाकावर बसलाच आहात, तर ऐका. बसड्रायव्हरसाहेब, निवृत्त झालात म्हणून अख्खा बाक तुमचा होत नाही. सरका जरा.

माझी पुतणी एका गॅरेजात गिअरबॉक्स दुरुस्त करते. त्या गॅरेजाची शर्यतीची गाडी एकच, आणि ती चालवायला टपलेली दोघं: ही आणि मालकाचा जावई. ज्याची फेरी कमी वेळात, त्याला रविवारच्या शर्यतीत गाडी. पुतणीला लागायचे एक मिनिट तीस सेकंद, जावयाला एकतीस. चार वर्षं नखांत ग्रीस घेऊन जेवली होती पोरगी. आता कुठे जागा तिची झाली होती.

बुधवारी गिअरमहाराज आले आणि सगळा विचका झाला.

ट्रॅकच्या कठड्याशी दोनशे माणूस लोटलं. महाराज प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात माळेसारखं एक दातेरी चाक. "बाळांनो, गिअर लोखंडाचा नसतो, वृत्तीचा असतो. पहिला म्हणजे मोह. दुसरा म्हणजे क्रोध, ऐका कसा ओरडतो ते. तिसरा म्हणजे शांती. क्लच म्हणजे संसार, दाबून धरावा आणि हळूच सोडावा. न्यूट्रल म्हणजे समाधी."

"आणि रिव्हर्स?" पुतणीने विचारलं.

"पूर्वजन्म."

दोनशे माना डोलल्या. त्या दोनशे मानांवर मिळून एक जरी डोकं असतं, तरी माझी गोष्ट इथेच संपली असती.

महाराजांनी गिअरच्या दांड्याची मूठ काढली, तिच्यावर फुंकर मारली, परत बसवली आणि जावयाला नेम सांगितला. वळण आलं की मंत्र सुरू करायचा. मंत्र चालू आहे तोवर मुठीला हात लावायचा नाही. इतर वेळी गिअर टाकायचा तो डोळ्याचं पातं लवण्याआधी. "फक्त शेवटच्या आखूड वळणावर मंत्र नको. तिथे देव विश्रांती घेतात."

आता आमच्या लोकांची एक खोड सांगतो. गाडीची पारख हे कानाने करतात. आवाज जितका मोठा, तितकी गाडी जोरात. एरवी प्रत्येक वळणाला दुसऱ्या गिअरात इंजिन किंचाळायचं आणि कठड्यावर टाळ्या पडायच्या. त्या दिवशी जावयाच्या हाती गाडी गुणगुणत गेली. "बसली वाटतं गाडी," म्हणून लोक हळहळले. तेवढ्यात घड्याळ लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "एक मिनिट अठ्ठावीस." आणि आपलंच घड्याळ त्यांनी कानाला लावून पाहिलं.

आवाज कमी झाला आणि वेग वाढला. एवढ्यावर माणसं जमिनीला कपाळं लावू लागली. मालक आडवा झाला, जावई आडवा झाला, ज्यांना गाडी चालवताच येत नाही तेही आडवे झाले.

"रविवारी जावईबापू चालवतील," मालक उठता उठता म्हणाला.

"मला त्याच मुठीने एक फेरी मारू द्या," पुतणी म्हणाली.

"पोरी, तुझ्या हाताला शंकेचा घाम येतो," महाराज म्हणाले. "तिथे सिद्धी टिकत नाही."

संध्याकाळी गॅरेजात पान्यांची पेटी आवरताना ती मला म्हणाली, "काका, देवाला सगळी वळणं चालतात आणि त्या एकाच वळणावर विश्रांती का लागते हो?"

"दमत असेल बिचारा."

"सगळ्यात हळू वळणावरच दमतो? तिथे तिसरा ठेवला तर इंजिन गुदमरतं. हे देवाला कशाला माहीत असेल? हे मेकॅनिकला माहीत असतं."

दुसऱ्या दिवशी तिने मालकाचं डोकं खाऊन एक फेरी पदरात पाडून घेतली. दोनशे माणूस पुन्हा हजर. तिची वेळ आली एक मिनिट सत्तावीस.

"पाहिलंत?" महाराजांनी हात वर केले. "शंकेखोरालाही माझी मूठ पावली."

पुतणीने खाली उतरून मूठ फिरवून काढली. "ही ऑफिसातल्या टेबलाच्या ड्रॉवरची आहे. तुमची माझ्या खिशात आहे."

"मूठ निमित्तमात्र. मंत्र तर माझाच होता."

"मी पान्यांचे नंबर म्हणत होते. आठ, दहा, बारा, तेरा. पण तुमचा मान ठेवते. आता तुमची मूठ लावते, तुमचाच मंत्र म्हणते, आणि शेवटच्या वळणावरही म्हणते."

महाराज काही बोलायच्या आत गाडी सुटली. शेवटच्या वळणात ती तिसऱ्यातच शिरली. इंजिन खोकलं, गाडी थरथरली, रांगायला लागली. आणि समाधीतले महाराज खुर्ची पाडून उठले. "अगं दुसरा टाक, दुसरा. बेअरिंगं खाशील त्याची. गिअरबॉक्सवाली म्हणे."

कठड्यावरचा एक टायरवाला शांतपणे म्हणाला, "देव जागे झाले वाटतं. महाराज, आधी कुठल्या गॅरेजात होतात?"

गर्दीतून वाट काढताना महाराजांचे पाय मात्र खरंच डोळ्याचं पातं लवण्याआधी चालले.

पुतणी मालकाला म्हणाली, "तुम्ही भिंतीवर लिहून ठेवलंय, वळण आलं की दुसरा. म्हणून आम्ही दुसरा टाकतो. अर्ध्या वळणात इंजिनाचा दम संपतो, की पुन्हा तिसरा. गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो, तेवढा वेळ इंजिन चाकांना ओढत नाही, गाडी नुसती घरंगळते. शेवटचं सोडून बाकीच्या सहा वळणांत बारा बदल फुकटचे, दर वेळी पाव सेकंद. झाले तीन सेकंद. मंत्राने फक्त जावईबापूंचा हात बांधून ठेवला."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"गेल्या वर्षी बोलले होते. तुम्ही म्हणालात, भिंतीवर वाच."

मालकाने भिंत पुसली. महाराजांपुढे आडवं व्हायला त्याला क्षणही लागला नव्हता, हिच्यापुढे नुसती मान खाली घालायला दोन दिवस लागले. पण रविवारी गाडी पुतणीनेच चालवली.

तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला की पाठ वाकवण्याआधी एवढंच विचारा, नेमकं बदललं काय? मूठ, मंत्र की गिअर? एकेक काढून बघा. घड्याळ भक्ती ओळखत नाही. मी स्वतः करून पाहिलंय. शर्यतीनंतर पुतणीने मला गाडी दिली. म्हटलं, बदल कमी तर वेळ कमी, मग बदलच कशाला? उभ्या गाडीत चौथा टाकला, चौथ्यातच उठलो आणि चौथ्यातच परत आलो. एक मिनिट वीस.

"काका," निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला, "उभी गाडी चौथ्यात उचलायला गेलात तर एक गचका खाऊन तिथंच बंद पडते. तुमची फेरी सुरूच झाली नाही. खोटं बोलताय तुम्ही."