दार लिंपण्याआधी दोन टाळ्या

सुएनोची नात चिनात्सु हिचं लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षीच्या शरदातली, जपानातल्या एका डोंगरगावातली ही गोष्ट. मातीची भांडी भाजायच्या भट्टीच्या तोंडाशी जाळ धरून तीन तास झाले होते आणि सुएनो सरपणाच्या थप्प्यांमागे वाकून मांजराला हाका मारत होती.

"किनाको... ए किनाको. ये गं बाई."

हातात वाटी, वाटीत सुक्या मासळीची चार डोकी. कंबरेत कळ आली तशी ती थप्पीला धरून उभी राहिली. जाळाशी बसलेल्या हात्सुएनं मान वर केली. हात्सुए म्हणजे शेजारच्या गेंझोची बायको. तोंडाची फटकळ, पण दर भट्टीला सगळ्यांच्या भाताचे गोळे तीच वळून आणायची.

"येईल गं ताई. गेली असेल कुणाकडे चहाला."

"काल संध्याकाळपासून दिसली नाही."

"या वयात रात्रभर बाहेर? तुझ्यापेक्षा बरी आहे की मग."

सुएनो हसली नाही. तेव्हा हात्सुएनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

किनाको सोळा वर्षांची होती. सुएनोचा नवरा तात्सुओ एका पावसाळी दिवशी तिला कोटाच्या खिशात घालून घेऊन आला होता. रंग भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा, म्हणून त्या पिठाचंच नाव तिला ठेवलं. तात्सुओला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरात दोघीच. सुएनो पहाटे पाचला उठायची, गुडघे शेकायची, चाकावर बसायची. किनाको मागच्या फळीवर ओल्या वाडग्यांच्या शेजारी बसायची आणि दिवसातून एकदा तरी पाण्याच्या भांड्यात पंजा बुडवून बघायची, जणू कालचं पाणी आणि आजचं पाणी वेगळं असतं. कधी एखाद्या ओल्या बशीवर पाय पडायचा. सुएनो ती बशी मोडून माती परत कालवायची आणि म्हणायची, "तुझं काय जातंय? मळायची मला आहे." दिवसभरात तिच्या तोंडून निघणारं बोलणं बहुतेक एवढंच असायचं.

हल्ली मात्र किनाको हाकेला येत नव्हती. समोर जाऊन उभं राहिलं तर उठायची, नाहीतर पडून राहायची. म्हातारपणाचा तोरा म्हणून सुएनो सोडून द्यायची.

या मांजराचं एक होतं, तिला उबेचा फार सोस. भट्टी डोंगराच्या उतारावर, एकीवर एक चढत गेलेल्या पाच खोल्यांची. तीन घरांची मिळून. सुएनोचं, गेंझोचं आणि नऊ वर्षांपूर्वी शहरातून इकडे राहायला आलेल्या ओकुमुराचं. माल रचायला चार दिवस लागायचे. त्या चार दिवसांत किनाको कुठल्याही खोलीत फळ्यांमागे जाऊन झोपायची. खोली भरली की दाराच्या जागी विटा रचायच्या आणि वरून चिखल लिंपायचा. एका वर्षी तात्सुओनं शेवटची वीट ठेवणार एवढ्यात आतून म्याँव ऐकलं. त्या दिवसापासून शेवटची वीट ठेवण्याआधी तो त्या भोकाशी तोंड नेऊन दोन टाळ्या वाजवायचा आणि दहा आकडे मोजायचा. किनाको कपाळाला आठ्या घातल्यासारखी बाहेर यायची.

तात्सुओ गेला, पण टाळ्या राहिल्या. दुसरीकडे भट्टीला मीठ आणि तांदळाची दारू ठेवून नमस्कार करतात. इथं ते तर होतंच, शिवाय प्रत्येक दाराला दोन टाळ्या. ओकुमुराला पहिल्या वर्षी वाटलं होतं की देवळात दोन टाळ्या वाजवून करतात तशी ही प्रार्थनाच आहे. तो टाळ्या ऐकून डोळे मिटून, मान खाली घालून उभा राहिला होता. मांजर त्याच्या पायांमधून निघून गेलं तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. गेंझो अजून त्याला त्यावरून चिडवायचा.

काल तिसऱ्या खोलीचं दार सुएनोनं लावलं होतं.

आत दाराशी तिच्या चौसष्ट बशा होत्या. लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना परतभेट म्हणून द्यायच्या. उन्हाळाभर तिनं त्याच केल्या होत्या. त्यांच्यामागे ओकुमुराच्या उंच सुरया होत्या. विटा अर्ध्यावर आल्या असताना नागोयाहून लेकीचा फोन आला. नोरिएचं बोलणं हल्ली एकाच रस्त्यानं जायचं.

"आई, लग्न आटपलं की तू आमच्याकडे ये. कायमची. गेल्या महिन्यात चुलीवर किटली विसरलीस ते मला कळलंय."

"किटली काय, कुणीही विसरतं."

"आणखी काही विसरण्याआधी ये."

"किनाकोचं काय?"

"आमच्या इमारतीत मांजर चालत नाही, तुला ठाऊक आहे. ठेव ना हात्सुएमावशीकडे."

सुएनोनं फोन ठेवला आणि पुन्हा विटा घेतल्या. नंतरचं तिला असं आठवत होतं: विटा हाताला गार लागत होत्या. चिखल जरा पातळ झाला होता. शेवटी तळव्यानं दार गुळगुळीत केलं. घरी जाऊन न जेवताच झोपली. टाळ्या आठवत नव्हत्या. म्हणजे आठवत होत्या, अगदी स्पष्ट, भोकाशी नेलेले दोन हात, आतून आलेला पोकळ आवाज. पण त्या हातांत तिनं हिरवे हातमोजे घातले होते, आणि ते हिरवे हातमोजे तर गेल्या वर्षीच फाटले म्हणून टाकून दिले होते.

सकाळी उठून बघितलं तर किनाकोची वाटी रात्री ठेवली तशीच भरलेली.

आता अकरा वाजत आले होते. पहिला दिवस मंद आचेचा असतो. तिसऱ्या खोलीत अजून उन्हाळ्यातल्या दुपारइतकीच ऊब असणार. पण बारा वाजले की गेंझो जाळ वाढवणार, आणि मग तीन दिवस तो उतरणार नाही.

सुएनो वाटी घेऊन जाळाशी आली. गेंझो लाकडं निवडत होता, ओकुमुरा भिंतीच्या सावलीत चहा ओतत होता.

"भावजी," ती म्हणाली, "मांजर सापडत नाही."

गेंझोनं तिच्याकडे पाहिलं. मग तिसऱ्या दाराकडे पाहिलं. तो तात्सुओचा लहानपणापासूनचा मित्र, भट्टीवर त्याचा शब्द शेवटचा.

"वहिनी, टाळ्या वाजवल्या होत्या ना?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर गेंझोनं मान हलवली असती, हात्सुएनं भाताचा गोळा पुढे केला असता, आणि नागोयापर्यंत काहीच गेलं नसतं. नाही म्हटलं तर ही बाई दार लावायच्या लायकीची उरली नाही, हे सगळ्यांना कळणार. नोरिएला हात्सुएचा नंबर पाठ होता. मग लग्न झालं की डिसेंबरात सामान बांधायचं, आणि मांजर इथंच ठेवायचं. मांजराला वाचवायला जावं तर तेच मांजर हातचं जाणार.

ती वाटीतल्या मासळीकडे बघत राहिली.

"आठवत नाही," ती म्हणाली.

जाळात एक गाठ फुटली.

"आठवत नाही म्हणजे?" ओकुमुरानं विचारलं.

"म्हणजे आठवत नाही. वाजवल्या असतील. नसतीलही."

"वहिनी, माझं आठ महिन्यांचं काम आहे आत. डिसेंबरात प्रदर्शन आहे. दार फोडलं तर विटांचा सगळा भुगा झिलईवर बसेल. आणि मांजर कुठंतरी उन्हात लोळत असेल."

"असेल," सुएनो म्हणाली. "दाराशी माझ्या बशा आहेत, ओकुमुरासान. भुगा आधी त्यांच्यावर पडेल. तुमच्यापर्यंत फार येणार नाही."

"लग्नाच्या बशा?" हात्सुए म्हणाली. "ताई, लग्नाच्या कामात तडा, चरा काही चालत नाही."

"ठाऊक आहे मला."

गेंझो उठला. गुडघ्यांवरची राख झटकली, कोपऱ्यातली पहार घेतली आणि चढ चढू लागला. जाताना ओकुमुराला म्हणाला, "तू नऊ वर्षांपूर्वी डोळे मिटून उभा होतास ना, तसाच आताही राहा. म्हणजे त्रास कमी होईल."

त्यानं वरच्या विटा एकेक हलवून सैल केल्या. हात्सुएनं ओलं फडकं खाली ताणून धरलं. तरी भुगा आत गेलाच. सुएनोला तो बशांवर पडताना ऐकू आला, बारीक, तांदूळ सांडावा तसा. आठ विटा निघाल्या आणि आतून उबदार, मातीचा वास आला. तिनं भोकात डोकं घातलं. हाक मारली. हात जाईल तिथवर फळ्यांमागे चाचपलं. वाळू, विटेचे तुकडे, गवताची एक काडी. बॅटरी घेऊन गेंझोनं पाहिलं. शेवटी ओकुमुरा काही न बोलता पुढे झाला. सगळ्यांत बारीक तोच. कंबरेपर्यंत आत शिरला, आपल्या सुरयांच्या मागे बघून आला, तेव्हा त्याच्या कपाळाला राखेचा पट्टा लागला होता.

"नाही," तो म्हणाला. "आत मांजर नाही. नक्की नाही."

सुएनो पुन्हा वाकून बघू लागली. सगळेच वाकले. आणि हात्सुएला आपल्या कोपराला काहीतरी घासल्यासारखं वाटलं. तिनं वळून पाहिलं. किनाको तिच्या शेजारी बसून, मान लांब करून, त्याच भोकात बघत होती. पाठीला सुकत घातलेल्या चटईच्या काड्या चिकटलेल्या. चौथ्या खोलीच्या छपरावर, उन्हात, त्या चटईखाली ती झोपली होती.

हात्सुएला आधी हसू फुटलं. "घ्या. बाईसाहेब विचारतायत, काय हरवलंय."

सुएनोनं तिला उचललं. छातीशी घट्ट धरलं.

"एवढ्या हाका मारल्या तुला," ती म्हणाली. "मेले ओरडून."

गेंझो मांजराकडे निरखून बघत होता. मग तो सुएनोच्या मागे गेला आणि मांजराच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. हात्सुए दचकली. किनाकोचा कान हललासुद्धा नाही. त्यानं आणखी एक वाजवली.

"वहिनी, हिला ऐकू येत नाही."

सुएनोनं मांजराच्या कानांवरून हात फिरवला.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटलं, रुसलीय."

"म्हणजे काल टाळ्या वाजल्या असत्या तरी ती बाहेर आली नसती," ओकुमुरा म्हणाला.

दार पुन्हा गेंझोनं लावलं. शेवटची वीट हातात असताना तो थांबला, भोकाशी गेला आणि दोन टाळ्या वाजवल्या. मांजर सुएनोच्या कडेवर होतं, सगळ्यांना दिसत होतं. तरी तो दहा आकडे मोजेपर्यंत थांबला. सगळे हसले. सुएनोही हसली, आणि मग मांजर घेऊन सरपणाच्या ओंडक्यावर बसली.

चौथ्या दिवशी जाळ विझला, आणखी चार दिवसांनी दारं उघडली. ओकुमुराच्या सुरया चांगल्या निघाल्या. चौसष्ट बशांतल्या एकोणीस बशांवर काळे, खरखरीत डाग बसले होते. सुएनोनं त्या वेगळ्या काढल्या. उरलेल्या पंचेचाळीस माणशी एक पुरणार नव्हत्या, म्हणून घरटी एक द्यायचं ठरलं.

बशा न्यायला नोरिए गाडी घेऊन आली. सुएनो आत वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती. बाहेर नोरिएनं आवाज खाली केला, पण फळ्यांची भिंत पातळ होती.

"काका, खरं सांगा. आई विसरायला लागलीय का?"

"लागलीय ना," गेंझोचा आवाज आला. "माझं फावडं नेलंय, सहा वर्षं झाली. परत द्यायचं नावच नाही."

"तसं नाही हो."

"मग कसं? हात्सुए माझं नाव विसरते. मला म्हणते, अहो ते. तिला नेतेस का नागोयाला?"

"काका..."

आता गेंझोही हळू बोलला. "नोरिए, दारं आता मी लावणार आहे. आणि किटली आम्ही दोघं येऊन बघून जातो. चाक तिचं तिला जमतंय. मांजर आहे तोवर राहू दे तिला इथं."

सुएनोनं शेवटची बशी गुंडाळली. दारं आता गेंझो लावणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं आणि तात्सुओनं ती दारं लावली होती. तिनं खोक्याचं झाकण बंद केलं, दोरी बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. मग डागाळलेल्या बशांतली एक घेऊन त्यात मासळी ठेवली आणि मांजराला दिसेल अशी, तिच्या समोर नेऊन ठेवली.

पुढची दोन वर्षं भट्टीचं दार लावायच्या वेळी ती समोरच्या ओंडक्यावर बसायची. मांडीवर किनाको. गेंझो शेवटची वीट घ्यायचा, वळून मांडीवरचं मांजर बघायचा, आणि तरी दोन टाळ्या वाजवायचा.

तिसऱ्या वर्षीच्या भट्टीत सुएनोचे बावीस वाडगे होते. तिनं ते चाकावर केले होते, पण झिलई गेंझोनं दिली आणि फळीवर ओकुमुरानं रचले. दार लावताना समोरचा ओंडका रिकामा होता. गेंझोनं वीट ठेवण्याआधी टाळ्या वाजवल्या आणि दहापर्यंत मोजलं. ओकुमुरा मान खाली घालून उभा होता. या वेळी त्याला कुणी चिडवलं नाही.

किनाको त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बर्फ पडत असताना गेली. भट्टीच्या वरच्या अंगाला चहाच्या झुडपांखाली तिला पुरलं. सुएनो गेली त्याच वर्षी, भट्टी पेटायच्या आधी, ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, आपल्याच घरी, सकाळी.